वस्ती आणि वर्ग यांच्या मधला तास

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात आठवड्यातले दोन दिवस कोरे दिसतात. त्या दिवशी व्याख्यान नसतं, वर्ग बंद असतात. विद्यार्थी मात्र सकाळीच घराबाहेर पडलेले असतात. कुणी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, कुणी निरीक्षणगृहात, कुणी कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकांकडे, तर कुणी गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत. कागदोपत्री याला क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ‘फील्डवर्क’ हाच शब्द असतो आणि पदवीच्या गुणांमध्ये त्याचा वाटा मोठा असतो.

या दोन दिवसांबद्दल दोन समज पक्के रुजलेले आहेत. घरच्यांना वाटतं, मुलगी थोडी समाजसेवा करून येते, चांगलंच आहे. विद्यार्थ्यांना वाटतं, खरं शिक्षण वस्तीतच होतं, वर्गातलं सगळं परीक्षेपुरतं. दोन्ही समजांमध्ये एक गोष्ट सुटते. नुसतं वस्तीत जाऊन माणूस समाजकार्य शिकत नाही. वर्षानुवर्षं वस्तीत जाणारे पण माणसांना तीच तीच भाषणं देणारे कार्यकर्ते आपण पाहिलेले आहेत. नुसत्या वर्गात बसूनही ते येत नाही, हे तर सांगायलाच नको. ते शिकण्याची जागा तिसरीच आहे. आठवड्यातून एकदा, विद्यार्थ्याने लिहून आणलेली नोंद समोर ठेवून पर्यवेक्षक आणि तो विद्यार्थी दोघंच बोलतात, तो तास. महाविद्यालयांमध्ये त्याला ‘आयसी’ म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सचं लघुरूप. या तासात नेमकं काय होतं, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी वस्तीतल्या संस्थेत रुजू झाली. संस्थेच्या ताईंनी तिला शाळा सुटलेल्या मुलांची यादी दिली. यादीतल्या एका घरी ती गेली. दहा वर्षांचा मुलगा घरातच होता. आई सोलायला आणलेल्या लसणाची गोणी उघडून बसली होती. विद्यार्थिनीने विचारलं, “ताई, मुलाला शाळेत का पाठवत नाही?” आई म्हणाली, “तो जातच नाही.” मग विद्यार्थिनीने शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. आईने मान डोलावली, “सोमवारपासून पाठवते” म्हणाली. त्या संध्याकाळी नोंदवहीत तीन वाक्यं आली: पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागरूकता नाही. मी समुपदेशन केलं. आईने सकारात्मक प्रतिसाद दिला.

चांगला पर्यवेक्षक हे पान परत देतो. जे घडलं ते जसंच्या तसं लिही, म्हणतो. तू काय म्हणालीस, ती काय म्हणाली, कोण कुठे बसलं होतं, घरात आणखी कोण होतं, ती गप्प झाली तेव्हा तुला काय वाटलं. या पद्धतीच्या लिखाणाला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं काम हेच. संभाषण आठवून लिहायचं म्हणजे हात दुखतो, आणि आपलंच बोलणं कागदावर पाहायला नको वाटतं. पण दुसऱ्यांदा लिहिताना आमच्या विद्यार्थिनीला आठवतं, की शिक्षणाचं महत्त्व सांगत असताना आई मध्येच “दाखल्याचं झालं नाही ना” असं काहीतरी पुटपुटली होती. तिने ते ऐकलं होतं आणि ओलांडून पुढे गेली होती.

“कसला दाखला?” पर्यवेक्षक विचारतो. तिला सांगता येत नाही.

त्याच तासात तो आणखी एका वाक्याखाली रेघ ओढतो: ‘का पाठवत नाही?’ आपल्याकडे हा प्रश्न विचारतं कोण? मास्तर, पोलीस, सासू. ‘का’ कानावर पडला की समोरचा माणूस खुलासा देऊ लागतो, आणि खुलासा म्हणजे सुटका करून घेण्यासाठी दिलेलं उत्तर. “शाळेचं काय काय झालं, सांगाल का?” असं विचारलं असतं तर कदाचित दाखल्याची गोष्ट पहिल्याच भेटीत कळली असती. मुलाखतीचं कौशल्य म्हणून जे वर्गात शिकवलं जातं त्यातला मोठा भाग इतक्या लहान फरकांचा असतो. पण तो फरक स्वतःच्या वाक्यात सापडल्याशिवाय अंगात मुरत नाही.

पुढच्या भेटीत ती एवढंच म्हणते, “मागच्या वेळी तुम्ही दाखल्याचं बोलला होता, मी नीट ऐकलं नाही.” आणि गाठ सुटते. कुटुंब गावाहून आलेलं. जुन्या शाळेचा दाखला राहून गेला. इथल्या शाळेने तो नसल्यामुळे परत पाठवलं, एकदा नव्हे तर दोनदा. त्यात मुलाला लहान पोरांच्या वर्गात बसवणार असं कळल्यावर त्यानेच नाही म्हटलं. आईला शिक्षणाचं महत्त्व पूर्वीपासून माहीत होतं, तिला भाषणाची गरजच नव्हती.

आता वर्गाची पाळी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. चौदावं कलम सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. चौथ्या कलमाप्रमाणे मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत घ्यायचं आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. विद्यार्थिनीने ही कलमं परीक्षेसाठी वाचलेली होती. पण ती त्या लसणाच्या गोणीशी जोडली गेली नव्हती. ज्याला ‘अनास्था’ म्हणून आपण कुटुंबाच्या माथी मारतो ते बऱ्याचदा एखाद्या कार्यालयाच्या नकाराचं फलित असतं, हे तिला आता कळतं. एका घराची अडचण आणि तिच्यामागची व्यवस्था या दोन गोष्टी एकाच वेळी दिसणं, हाच या पेशाचा गाभा आहे.

मग मुख्याध्यापकांकडे जायचं ठरतं. तिथे बोलायचं कुणी? विद्यार्थिनी कलमं पाठ करून बोलली तर प्रवेश बहुधा त्याच दिवशी होईल. पण पुढच्या वर्षी धाकटीच्या प्रवेशाच्या वेळी या बाईंच्या बाजूने कोण बोलणार? म्हणून आईने बोलावं, विद्यार्थिनीने शेजारी बसावं, हे उत्तर पुस्तकांना आवडतं. माझं मत जरा वेगळं आहे. मुलाचं वर्ष वाया चाललेलं असताना सक्षमीकरणाचा धडा गिरवत बसणं हाही एक प्रकारचा अन्यायच. कधी आधी स्वतः बोलून दार उघडून घ्यावं लागतं आणि समजावण्याचं काम मागाहून करावं लागतं. कुठे काय करायचं, हे कोणत्याही पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. म्हणूनच त्या दोघांच्या तासाची गरज असते.

ही शिक्षणपद्धत आली कुठून? सहसा तिची सुरुवात अमेरिकेत धरतात. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी वर्ग भरला, त्यातून पुढे पूर्ण वेळाची शाळा उभी राहिली. या वर्गाचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये मेरी रिचमंड या पुढे होत्या. आधी गरिबांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेविका सदिच्छेवर चालत. रिचमंडबाईंचं म्हणणं असं, की सदिच्छा पुरत नाही, पाहण्याची आणि पडताळण्याची शिस्त लागते. १९१७ मध्ये त्यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ प्रसिद्ध झालं. एखाद्या कुटुंबाची माहिती कुणाकुणाकडून, कशी गोळा करायची आणि तिच्यावरून निष्कर्ष कसा काढायचा, याची पद्धत त्यात मांडलेली आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१५ मध्ये, अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोरच्या परिषदेत सांगितलं होतं की समाजकार्य हा अजून पेशा झालेला नाही. ते फार लागलं होतं, आणि त्या बोचणीचा या शिक्षणाच्या घडणीत मोठा हात आहे.

पण आपल्याला या कथेसाठी इतकं लांब जायची गरज नाही. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या नियमांत नव्या सदस्यासाठी पाच वर्षांच्या उमेदवारीची तरतूद होती. त्यातली एकूण तीन वर्षं पुण्याच्या समाजगृहात राहून अभ्यासात घालवायची आणि दोन वर्षं प्रथम सदस्याच्या, म्हणजे खुद्द गोखल्यांच्या मार्गदर्शनाखाली देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडून परिस्थिती पाहण्यात. अभ्यास, प्रत्यक्ष पाहणी आणि तिच्यावर एका जाणत्या माणसाची नजर, हे तिन्ही घटक तिथे आहेत. याच समाजाचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने सुरू झाले. समाजकार्याच्या इतिहासाचे धडे लिहिताना आपण न्यूयॉर्क आणि शिकागो सांगतो आणि पुण्याचा हा प्रयोग एका ओळीत उरकतो, याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेतला धागा मुंबईत आला तो क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याबरोबर. अमेरिकन मराठी मिशनतर्फे ते १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि नागपाड्यात त्यांनी नेबरहूड हाउस चालवलं. चाळींनी आणि गरिबीने गजबजलेल्या त्या भागात वाचनालय, दवाखाना, खेळ, व्याख्यानं असं बरंच काही तिथे चाले. हे काम चालवायला सदिच्छा असलेली माणसं मिळत, तयार माणसं मिळत नसत. त्यातून त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टपुढे शाळेची कल्पना मांडली. १९३६ मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. हीच भारतातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शाळा आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाचं महाविद्यालय, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी साखळी तयार झाली. पहिली शाळा वस्तीच्या मधोमध, काम चालू असलेल्या घराला लागून निघाली, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

शाळा आणि क्षेत्र यांचं हे नातं दोन्ही बाजूंनी फळलं. १९८४ मध्ये टाटा संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून हिंसाग्रस्त महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसू लागली. १९९६ मध्ये याच संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून मुंबईत १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी सुरू झाला आणि पुढे देशभर पोचला.

रुग्णालयातली नेमणूक वस्तीपेक्षा वेगळी असते आणि तिथे विद्यार्थ्याचा अहंकार लवकर उतरतो. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचं पद निर्माण झालं, हा देशातला पहिलाच प्रयोग मानतात. आज मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत हा विभाग असतो. वॉर्डातल्या लोकांना तो ‘पैशाची सोय करून देणारी खोली’ म्हणून ठाऊक असतो. ती सोय लागतेच, पण काम तिथे संपत नाही. क्षयरोगाच्या रुग्णाचं घ्या. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. काही आठवड्यांतच ताप-खोकला ओसरतो, अंगात बळ येतं आणि मग औषध सुटतं. डॉक्टरांच्या कागदावर याची नोंद ‘उपचार खंडित’ अशी होते. विद्यार्थ्याने शोधायचं असतं ते त्या नोंदीमागचं. केंद्र उघडतं त्याच वेळी नाक्यावर मजुरीसाठी उभं राहावं लागतं का? नव्या नवरीने सासरी आजार लपवलाय का? निक्षय पोषण योजनेचे पैसे दरमहा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, पण बँक खातं आधारशी न जुळल्याने ते अडकलेत का? गोळ्या तोंडात घालण्याआधी पोटात काही असतं का? हे शोधून वॉर्डच्या फेरीत डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तिसरं वाक्य ऐकायला त्यांना वेळ नसतो.

क्षेत्रात विद्यार्थी लोकांना पाहतो तसे लोकही त्याला पाहत असतात. आडनाव विचारलं जातं. पाणी पुढे केलं जातं. त्या घरातला पेला हातात घेताना विद्यार्थी क्षणभर थबकला, तर यजमानांच्या ते लगेच लक्षात येतं, कारण ही थबकण्याची क्रिया त्यांनी आयुष्यभर पाहिलेली असते. स्वच्छतेच्या नावाखाली जात लपू शकते आणि ते स्वतःला उमगणं अवघड असतं. उलटही घडतं. दलित किंवा आदिवासी विद्यार्थी एखाद्या उच्चभ्रू संस्थेत क्षेत्रकार्याला जातो आणि तिथले लोकच त्याला वागणूक देताना थबकतात. दोन्ही अनुभव पर्यवेक्षणाच्या तासात मोकळेपणाने बोलता यायला हवेत. समुपदेशनाची पाश्चात्त्य पुस्तकं ‘स्वतःची जाणीव’ या सदरात मनातल्या पूर्वग्रहांबद्दल खूप सांगतात, पण आपल्याकडे ही जाणीव जातीपासून सुरू होते. जातीचा उल्लेख टाळून घेतलेलं पर्यवेक्षण महाराष्ट्रात तरी अपुरंच राहणार.

गुप्ततेचा प्रश्नही असाच वर्गात सोपा आणि बाहेर कठीण. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्यातल्या नात्याची सात तत्त्वं सांगितली, त्यांतलं एक गुप्ततेचं. पहिल्या सत्रातला प्रत्येक जण ते घोकतो. मग एखाद्या दिवशी गटाचा खेळ संपल्यावर एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि म्हणते, “ताई, कुणाला सांगणार नाही ना?” विद्यार्थिनी मायेने “नाही सांगणार” म्हणून जाते. आणि मुलगी घरातल्या माणसाकडून होणाऱ्या अत्याचाराबद्दल बोलू लागते. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास एकविसाव्या कलमाखाली शिक्षा आहे. दिलेला शब्द मोडावा लागतो. म्हणून अनुभवी पर्यवेक्षक पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना वेगळं उत्तर शिकवतो: “तू सुरक्षित राहावीस म्हणून मला कुणाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन.” आणि विद्यार्थिनीने एकटीने काही न करता त्याच दिवशी संस्थेला आणि पर्यवेक्षकाला कळवायचं, हेही. इथे आठवड्याच्या ठरलेल्या तासाची वाट पाहायची नसते.

मार्च आला की निरोपाचा विषय निघतो. विद्यार्थी जाणार, हे लोकांना पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं, पण विसरलं जातं. वस्तीतल्या मुलांनी दरवर्षी एक नवी ताई पाहिलेली असते आणि दरवर्षी ती गेलेली असते. त्यामुळे निरोपाची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करायची असते. अर्धवट कामं कोणती, कोणता अर्ज तहसील कार्यालयात कोणत्या टेबलावर आहे, कुणाला काय कबूल केलंय, हे सगळं लिहून संस्थेच्या ताईंकडे द्यायचं. भावनेच्या भरात आपला फोन नंबर वाटून ‘कधीही फोन करा’ म्हणायचं नाही. हे कठोर वाटतं, पण परीक्षेच्या दिवसांत तो फोन उचलला न जाणं जास्त कठोर.

एवढा भार ज्या तासावर आहे, त्याची आपल्याकडे अवस्था काय? आल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात पर्यवेक्षणाची तीन कामं सांगितली आहेत: कामावर देखरेख, शिकवणं आणि आधार देणं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पहिलंच उरतं. हजेरीपत्रकावर सही, तासांची बेरीज, वहीवर ‘पाहिले’ असा शेरा. पर्यवेक्षक शिक्षकाकडे विद्यार्थी जास्त आणि वर नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं. संस्थेत मनुष्यबळ कमी, मग आलेल्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला आणि फोटो काढायला लावतात. ज्यांना बसभाडंही परवडत नाही असे विद्यार्थी वर्षभर हे फुकट करतात. पर्यवेक्षण नसलेलं क्षेत्रकार्य ही बिनपगारी मजुरी आहे, आणि त्यातून वस्तीतल्या माणसांवर अर्धवट शिकलेल्या हातांचा प्रयोग होतो, हे त्याहून गंभीर. वैद्यक, परिचर्या, वकिली यांना देशपातळीवर वैधानिक परिषद आहे, सबंध समाजकार्याला तशी नाही. त्यामुळे किमान किती पर्यवेक्षण हवं, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या सोयीने ठरवतं.

सुधारणा करायला नवी इमारत लागत नाही. आयसीचा तास शिक्षकाच्या कार्यभारात व्याख्यानाइतकाच मोजावा. क्षेत्रात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेतल्या ताई-दादांना महाविद्यालयाने त्यासाठी प्रशिक्षण आणि मानधन द्यावं, कारण आज ते हे काम स्वतःच्या कामावर वरकड म्हणून करतात. ज्या संस्थेत वर्षभरात एकाही विद्यार्थ्याची नोंद वाचली गेली नाही, तिथे पुढच्या वर्षी नेमणूक करू नये, मग ती संस्था कितीही नावाजलेली असो. आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांनी प्लेसमेंटची टक्केवारी विचारतात तसा आणखी एक प्रश्न विचारावा: माझी नोंद कोण वाचणार, आणि आठवड्यातल्या कोणत्या वारी?